गळ्यातली वायर

वडवणीच्या बाजारतळाजवळ पाण्याच्या मोटारी, जनावरांचा चारा बारीक कापायच्या कडबाकुट्ट्या दुरुस्त करणारा एक मिस्त्री आहे. त्याचं नाव मला अजून माहीत नाही. कुठलंही मशीन उघडण्याआधी तो त्याची पिन बोर्डातून काढतो आणि वायर गळ्यात घालतो. आत हात असताना कुणी चुकून बटण दाबायला नको, म्हणून.

मी कडबाकुट्टी टेम्पोत टाकून नेली, तर त्यानं आधी विचारलं, "चालवतं कोण?"

"बायको."

"मंग तुमी कावून आलात? वैनीला आणा."

मला राग आला, तरी दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गेलो. पात्याचे नट त्यानं तिच्याकडूनच आवळून घेतले, बेअरिंगमध्ये ग्रीसही तिच्याच हातानं भरवलं. कुठं काय, ते तो आपल्या अर्ध्या तुटलेल्या बोटानं दाखवत होता. मी मधे बोलायला लागलो, तसं त्यानं मला चहा आणायला पिटाळलं.

परवा मशिनीत कडबा अडकला. मी बटण बंद केलं आणि हात आत घालणार, तेवढ्यात बायको ओरडली. तिनं पिन उपटली, वायर स्वतःच्या गळ्यात घातली आणि म्हणाली, "सरका तिकडं. मिस्त्रीनं शिकवलं तवा तुमी चहा आणायला गेलता."