हत्तीची कौलं, चांदणीची कौलं

पाणी सोडून दहा मिनिटंही झाली नव्हती, आणि हॉलच्या मधोमध टपकायला लागलं.

छप्पर बांधून झालं की मोटार लावून त्यावर पाणी सोडायचं, ही आमची टेस्ट. दत्ताभाऊ खाली उभे राहून वर बघत होते. दौलताबादजवळच्या या कौलारू बंगल्याचे ते मालक. निजामाच्या काळात कुणा अंमलदाराने तो बांधला आणि भाऊंच्या आजोबांनी शेतासकट विकत घेतला.

"मॅडम, म्या आधीच म्हणलं व्हतं, स्लॅबचं घर बांधू. पाऊस तोंडावर आलाय. आठ दिवस देतो. मंग जेसीबी बोलावतो."

मी आर्किटेक्ट. गेली वीस वर्षं मी जुन्या इमारतींचीच कामं करते. हा बंगला जेसीबीखाली जाऊ द्यायचा नाही, एवढं मी तिथंच ठरवलं. बाहेरच्या भिंतींवर कुणीतरी थापलेलं सिमेंट आम्ही महिनाभर छिन्नीने काढलं होतं. सिमेंटमुळे भिंतीतली ओल आत कोंडते, म्हणून त्या जागी चुन्याचा गिलावा केला होता. आता छप्पर गळून तोही सुटला असता.

मी शिडीवरून वर गेले आणि आमचे मिस्त्री रशीदचाचा यांच्यावर चिडले. "रीपा नीट मारल्या नाहीत का?" रीपा म्हणजे कौलं ज्यावर टेकतात त्या लाकडी पट्ट्या.

चाचांनी दोन कौलं काढून माझ्यासमोर पालथी ठेवली. एकाच्या पाठीवर हत्तीचा छाप होता, दुसऱ्यावर चांदणीचा.

"दो भट्टी का माल है मॅडम. सामने का हत्ती, पिछे का चांदनी. उतारते वक्त पूछा था आपकू, अलग रखूं क्या? आप बोले, सब एकच है, एकसाथ लगाओ."

बोलले होते. कौलं धुऊन, एकसारखे ढीग लावून मी त्यांचे फोटोसुद्धा काढले होते. मंगलोरी कौलाच्या कडेला खाच असते, त्यात शेजारचं कौल अडकतं. प्रत्येक भट्टीची खाच थोडी वेगळी. हत्ती आणि चांदणी शेजारी बसवली की मधून पाणी शिरणारच. मागचा उतार नंतर कधीतरी बदलला असणार, हे मला सुचायला हवं होतं. मला स्वतःचीच लाज वाटली.

खाली येऊन भाऊंना सांगितलं, "चूक माझी आहे, चाचांची नाही. सगळी कौलं परत उतरवते."

भाऊ म्हणाले, "इतके ठेकेदार येऊन गेले, पण चूक माझी म्हणणारं कुणी नाय भेटलं. उतरवा. पण आठ दिवस म्हंजे आठच."

आम्ही छाप बघून कौलं निवडायला बसलो. फुटकी बाजूला काढल्यावर पाचव्या दिवशी लक्षात आलं, हत्ती कमी पडतायत. असलं कौल आता कुठं मिळणार? भाऊ उठले, गोठ्याकडे गेले आणि तिथलं एक कौल घेऊन आले. पाठीवर हत्ती.

"गोठ्यावर लई हायेत. घ्या काढून. म्हशींना पत्रा टाकतो."

आठव्या दिवशी परत पाणी सोडलं. भाऊ हॉलमध्ये खुर्ची टाकून तासभर बसले. मग वाकून फरशीवर हात फिरवला.

"मोटार बंद करा," ते ओरडले, "हिरीत पाणी ऱ्हाऊ द्या." आणि माझ्यासमोरच जेसीबीवाल्याला फोन करून नको म्हणाले.

बंगला उभा आहे. भाऊ आता तिथंच राहतात. मी एवढंच शिकले, की अनुभवी मिस्त्री प्रश्न विचारतो तेव्हा बहुतेक वेळा तो आपल्याला उत्तर सांगत असतो.