आत्याने नेमलेला पाय

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, सत्तर-ऐंशीच्या दशकांत वर्धा जिल्ह्यात ज्या ज्या आईने आणि लेकराने तोंड उघडलं, त्या त्या तोंडात माझी धाकटी आत्या डोकावलेली आहे. आत्या दातांची सरकारी डॉक्टर. तिला माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, दात राहत. सिंदीच्या एका लग्नात, अक्षता पडायच्या आधी, तिने नवरीलाच झापलं, "तू डाव्या दाढेची ना? परत दाखवायला का नाही आलीस?" नवरीनेही मुंडावळ्या सावरत निमूट आ केला!

आया आणि मुलांसाठी फिरता दवाखाना काढायचा हुकूम आला, तेव्हा सोबत एक जीप आणि दात कोरायचं विजेचं यंत्र आलं. वीज मात्र गावात जावयासारखी, मनात येईल तेव्हा यायची. आत्याने मग नागपूरच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरच्या माळ्यावरून पायाने चालवायचं जुनं यंत्र पैदा केलं. पाय अडखळला की सुई अडखळे आणि पोर बोंब ठोके. तीन शिपायांचे पाय नापास झाले. एकदा आंजीतून जाताना एका घरातून शिवणयंत्राचा एकसारखा आवाज आला. आत्याने जीप थांबवली नि थेट ओसरीत शिरली.

"काऊन बाई, केव्हापासून चालवून राह्यली हे मशीन?"

"लग्न झाल्यापासून जी. पोलकं शिवाचं हाय काय?"

"पोलकं नाई, तुहा पाय पाहिजे मले. उद्या येजो!"

अशी गिरजाबाईंची नेमणूक झाली. बाया त्यांच्याशी पोलक्याच्या गळ्याबद्दल बोलता बोलता आ करू लागल्या.

पुढे रोहण्याला, मी मास्तर होतो त्या शाळेच्या व्हरांड्यात दवाखाना लागला असताना, एक साहेब तपासणीला आले. गिरजाबाई मॅट्रिक नाहीत म्हणून त्यांना घरी पाठवायचं ठरवूनच ते मॅट्रिक पास शिपाई घेऊन आले होते. गिरजाबाईंनी यंत्रावरून पाय काढून घेतला, पदर डोळ्यांना लावला. भांडणात अख्ख्या खात्याला भारी असलेली आत्या गोड हसली. "बसवा की. पण आधी सुपारीवर." तिने चिमट्यात सुपारी धरली. शिपायाने पाय मारला आणि सुपारी टणकन साहेबांच्या चष्म्यावर! मग गिरजाबाई बसल्या. दुसऱ्या सुपारीला असं सुरेख भोक पडलं की आत्याने त्यातून दोरा ओवून दाखवला.

"नियम तो नियम," साहेब चष्मा पुसत म्हणाले.

आत्या आज नाही. गिरजाबाई मात्र त्याच यंत्रावर म्हाताऱ्या होईपर्यंत बसल्या. तो दिवस आठवला की अजून माझी छाती फुगते. कारण साहेबांचा हुकूम फिरवला तो आत्याने नव्हे, रांगेतल्या पहिल्या बाईने. परक्या माणसासमोर जिने कधी ब्र काढला नव्हता, ती पोर कडेवर घेऊन ताडकन उठली आणि ओरडली,

"साहेब, ह्या शिपायाले तुमच्याच दाढेवर शिकू द्या! माह्या लेकराच्या तोंडात गिरजाबाईचाच पाय पाहिजे!"