बारा थाळ्या आणि हैद्राबादचे साहेब

दारूच्या भट्टीत न पिताही माणसं काय काय करतात, हे तिथं नोकरी केल्याशिवाय कळायचं न्हाई! निजामाच्या काळात, महायुद्ध चालू असताना, परभणीजवळच्या मोहाच्या भट्टीत मी नमुने तपासायचो. पगार तिथंच संपला, किस्से मात्र अजून पुरायलेत.

भट्टीत तांब्याचा उंच खांब होता. आत एकावर एक बारा थाळ्या. वाफ प्रत्येक थाळीतून बुडबुडत वर चढायची अन् दारू कडक होत जायची. खांब सांभाळायचे पेडगावचे किसनआप्पा. एकदा हुकूम आला, हैद्राबादचे इंजिनिअरसाहेब थाळ्या तपासणार. निम्म्याहून कमी काम करत असल्या, तर खांब मोडीत अन् आप्पा घरी!

\*

आप्पा लय घाबरले. पोखर्णीच्या नरसिंहाला बारा नारळ बोलले.

मी म्हणालो, "आप्पा, निम्म्याच थाळ्या चालायच्यात. सहा नारळ बस झाले!"

"देवापाशी कंजुषी करतो व्हय रे? तू तुझ्या बाटल्या सांभाळ!"

\*

तेवढंच मला जमलं न्हाई. सगळ्यात वरच्या थाळीच्या नमुन्याला बूच लावायचं विसरलो अन् बाटली उन्हात राहिली. दारूचा कडकपणाच उडून गेला.

साहेब आले, तोच नमुना धरून त्यांनी हिशोब केला. "कागज पे इसकू पांच थालियां बस. तुमकू बारा लगे! आधे से भी कम काम!"

आप्पा म्हणाले, "मंग त्या सात ऐतखाऊ कोणत्या ते दावा, आत्ता काढून फेकतो!"

"ऐसा नै. सब थोडा थोडा कम काम करते."

"म्हंजी तुमच्या हापिसावानीच की!"

साहेब हसले, तशी मी बुचाची चूक कबूल केली. लाजेनं मेल्यासारखं झालं मला.

\*

दुसऱ्या दिवशी थाळीथाळीचे नमुने नव्यानं घेतले. बुचं मी स्वतः ठोकली. अकरा थाळ्या निम्म्याच्या खालीच! सातवी मात्र सगळ्यांच्या लय पुढं.

साहेबांनी तीनदा आकडे मांडले. मग म्हणाले, "सातवी खोलो."

आप्पा खांबाला आडवे झाले. "सायब, तेवढी राहू द्या की!"

खोलली. आत वाफ अडवून तिचे बुडबुडे करणाऱ्या तांब्याच्या टोप्या गायब. त्यांच्या जागी पितळेच्या वाट्या पालथ्या बसवलेल्या, काठांना कानशीनं बारीक खाचा पाडलेल्या.

"जुन्या टोप्या झिजल्या व्हत्या, सायब," आप्पा हात जोडून म्हणाले. "लढाईमुळं नव्या मिळंनात. घरच्या वाट्या आणल्या. बायकोला सांगितलं, चोरी झाली."

साहेबांनी एक वाटी उचलली, खाचांवरून बोट फिरवलं, बाकीच्या अकरा थाळ्यांच्या आकड्यांकडं पाहिलं.

"आप्पा," ते हळूच म्हणाले, "घर में और कित्ती कटोरियां हैं?"