तुरीची तहान आणि आमच्या बाई

डॉ. गिरिजा हलकुडे यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या डोळे मिटून बसल्या होत्या. हिमायतनगरहून पहाटेची एसटी धरून, नांदेडला गाडी बदलून मी पीएच.डी.साठी लातूरच्या महाविद्यालयात पोचलो होतो. वनस्पतिशास्त्र विभागामागे हिरव्या जाळीचे छप्पर, त्याखाली तुरीच्या कुंड्यांच्या रांगा आणि मधोमध स्टुलावर बाई. झाडाचे एक पान न तोडता त्यांनी गालाला लावले होते. मी "मॅडम" म्हणालो. डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "बाई म्हण. अन् जरा गप उभा ऱ्हा. पानं दारं मिटून राहिलीत."

मी गप उभा राहिलो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. बाहेर ऑटोंचे भोंगे वाजत होते, कुठल्याशा डाळमिलची घरघर येत होती, आणि छपराखाली काहीतरी फार हळूहळू घडत होते. शेवटी त्यांनी मला वाकायला सांगून तेच पान माझ्या गालाला लावले. सकाळी ते गार होते, म्हणाल्या, कारण त्यातून वाफ जात होती. आता कोमट झाले, म्हणजे छिद्रे मिटली. हे मोजायचे यंत्र विभागात होते, पण ते बहुधा दुरुस्तीला गेलेले असे. बाईंचा गाल कधी दुरुस्तीला गेला नाही.

बाईंचे अवघे आयुष्य या छिद्रांपाशी गेले. पानाच्या खालच्या अंगाला असंख्य बारीक तोंडे असतात, त्यांना आम्ही पर्णरंध्रे म्हणतो. प्रत्येक तोंडाला दोन पेशींचे ओठ. त्यांत पोटॅशियम शिरले की मागोमाग पाणी शिरते, ओठ फुगतात, तोंड उघडते. पोटॅशियम निघून गेले की मिटते. माती कोरडी पडली की मुळे वर सांगावा धाडतात आणि पान तोंड मिटून घेते. जमिनीत मीठ वाढले तर गोष्ट अधिक अवघड, कारण मग सोडियम घुसखोरी करतो आणि ओल्या मातीत उभे असूनही झाड तहानलेले राहते. तूर हे कसे सोसते, हाच बाईंचा प्रश्न होता. रंध्रांचा ठसा घ्यायला बिनरंगी नेलपॉलिश लागे, आणि ते बांगड्यांच्या दुकानातून आणायचे काम माझे होते. दुकानदार दरवेळी विचारी, "वहिनींना रंगीत का नको?" माझे लग्न तेव्हा ठरायचे होते.

विभागातल्या सूक्ष्मदर्शकासमोर मी कितीतरी दुपारी हरवून गेलो आहे. ठशातली ती अर्धमिटली तोंडे बघता बघता आपणच झोपेत आहोत की पान, हे कळेनासे होई. बाई हळूच मागे येऊन उभ्या राहत आणि माझी मोजणी चुकली की फक्त खाकरत. दुपारी त्यांच्या डब्यातली कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी निम्मी माझी असे, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात परस्पर ठरवून टाकले होते. मी टायफॉइडने घरी पडलो तेव्हा महिनाभर माझ्या कुंड्यांना त्यांनी स्वतः पाणी घातले आणि नोंदवहीत रोजच्या तारखेपुढे वळणदार अक्षरात "झाडे ठीक, मालकाची काळजी" असे लिहून ठेवले.

ज्याचे श्रेय त्याला द्यायला बाई कधी चुकत नसत. चाकूरजवळच्या एका वस्तीवर आम्ही गेलो होतो. विहिरीलगतच्या सखल वावरातली तूर सुकत होती. नागरबाई नावाच्या शेतकरीण म्हणाल्या, "पाणी तर रोज देऊन राहिलो, तरी माना टाकून हाय बघा." बाईंनी विहिरीचे पाणी ओंजळीत घेऊन चाखले. मग बांधावर बसून सांगितले, "मुळाशी मीठ बसलंय. पाणी हाय, पर झाडाला उचलंना. म्हणून पान दार लावून घेतंय. वाफ थांबती, पर अन्न बी थांबतंय." नागरबाई तुरीकडे बघत म्हणाल्या, "म्हंजी उपाशी ऱ्हाऊन जीव वाचवून राहिलंय." बाईंनी ते वाक्य तिथल्या तिथे लिहून घेतले. पुढे निवृत्त होईपर्यंत हा धडा त्या याच वाक्याने सुरू करत, आणि वाक्य कुणाचे तेही दरवर्षी सांगत.

आता जे सांगायचे आहे ते मी वीस वर्षे कुणालाही सांगितलेले नाही. माझ्या प्रबंधाचे शेवटचे वर्ष दुष्काळाचे निघाले. ऊर्ध्वपातित पाणी करायचे आमचे यंत्र लिटरभर शुद्ध पाण्यासाठी नळाचे कितीतरी पाणी वाहून घालवी, म्हणून महाविद्यालयाने ते बंद केले. निम्म्या कुंड्यांना मिठाचे पाणी आणि उरलेल्या निम्म्यांना तुलनेसाठी शुद्ध पाणी, असा प्रयोग होता. शुद्ध पाणी मिळेना तेव्हा मी बोअरचे घातले. शेतातली तूर तरी काय पिते, अशी स्वतःची समजूत घातली. बाईंना वाटत होते की मी पाणी बाहेरून आणतो. अर्ध्या हंगामाच्या नोंदींवरचा आमचा शोधनिबंध एका नियतकालिकाने स्वीकारलाही होता. बाईंची विभागप्रमुखपदाची मुलाखत तोंडावर आली होती आणि पदवी मिळताच मला नांदेडला नोकरी मिळणार होती.

मग एका सकाळी बाईंनी शुद्ध पाण्याच्या रांगेतले पान गालाला लावले आणि म्हणाल्या, "ही तहानलेली हायत रे." त्यांनी पाने जाळून राख केली, राखेचे पाणी ज्योतीत सोडले. ज्योत पिवळीजर्द झाली. सोडियम. मी मान खाली घालून बोअरचे पाणी कबूल केले. बाई रागावल्या नाहीत. त्याच दिवशी त्यांनी संपादकांना पत्र लिहून निबंध मागे घेतला. पत्रात एकच कारण होते : "चूक प्रयोगशाळेची आहे आणि प्रयोगशाळा माझी आहे." मुलाखतीत त्या पत्राबद्दल विचारले गेले आणि पद दुसऱ्याला मिळाले. पुढच्या हंगामात सगळे पहिल्यापासून केले. दर सोमवारी मी नांदेडच्या मित्राकडून शुद्ध पाण्याचे कॅन एसटीने आणी. कंडक्टर म्हणे, "लातूरला पाणी घेऊन निघालाव? बसा, बसा, पुण्याचं काम हाय." पदवी वर्षभर उशिरा मिळाली. सुदैवाने नोकरीही माझ्यासाठी थांबली होती.

माझ्या कबुलीत एक गोष्ट राहून गेली होती. त्या सकाळच्या आठवडाभर आधीच शुद्ध पाण्याच्या कुंड्यांच्या काठांवर मला मिठाची पांढरी रेघ दिसली होती. बोअरच्या पाण्यात मीठ आहे, हे त्या क्षणी कळले होते. मी ओले फडके घेऊन एकेक काठ पुसला. बाईंनी मला निष्काळजी समजून चूक पोटात घातली, आणि मी लबाड होतो. त्यांच्या प्रत्येक सत्कारात मी टाळ्या वाजवल्या आणि दरवेळी हातात ते फडके आहे असे वाटत राहिले.

बाईंच्या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी लेख मागितला गेला, तेव्हा इथपर्यंत लिहून मी लातूरला गेलो. बाईंच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे, म्हणून मीच वाचून दाखवला. फडक्याच्या ओळीशी मी थांबलो.

"पांढरं मी तुझ्या आधी बघितलं होतं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, उद्या विचारू ह्याला. उद्या गेले तर काठ लख्ख पुसलेले. अन् मला बरं वाटलं रे. मुलाखत होती ना. आठ दिवस मी तिकडं बघायचं टाळून राहिले. नवव्या दिवशी पान गालाला लावलं, ते तुला शिकवायला न्हाई. मलाच आता राहवेना."

मी कागद मिटू लागलो. बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. "हे बी लिही."

"बाई, ग्रंथ तुमच्या गौरवाचा आहे."

"म्हणूनच म्हणून राहिले. खाडाखोड करू नको."

म्हणून त्यांच्या आज्ञेवरून हे छापत आहे. मुलाखतीला जाण्याआधी ते पत्र पाठवणे किती जड गेले असेल, ते मला आत्ता कळते आहे, आणि बाईंविषयीचा माझा आदर लेख लिहायला बसलो तेव्हा होता त्याहून कितीतरी वाढला आहे. बाईंची दृष्टी लवकर स्वच्छ होवो, प्रकृती धडधाकट राहो, त्यांनी सुखाने शंभरी पार करावी. परवा निघताना मी पाया पडलो, तेव्हा वीस वर्षांत पहिल्यांदा वर बघून त्यांच्या डोळ्यांत पाहू शकलो.