कमरेवरचा वळ

तुमच्या सदरातले भुताखेतांचे अनुभव माझ्या भावाची नात मला वाचून दाखवते आणि मी दर वेळी म्हणते, "काहीतरीच! पोट बिघडलं असेल मेल्याचं." सगळी नोकरी दवाखान्यात गेली माझी. कितीतरी माणसं डोळ्यांदेखत गेली, त्यातलं एकही परत येऊन मला दिसलं नाही. त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय. पण घडलं ते घडलं... पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

गोष्ट निजामाच्या राज्यातली, जालन्याची. मी लहानपणीच विधवा झालेली. जुन्या जालन्यात भावाकडे राहायचे आणि कुंडलिका नदी ओलांडून पलीकडच्या दवाखान्यात नर्स म्हणून जायचे. गल्लीतल्या बायका नाकं मुरडायच्या. मुरडू देत! मला काम आवडायचं.

एकदा हसनाबादकडचा म्हाळू नावाचा धनगर आला. तिशीचा गडी, मेंढ्यांमागे रान तुडवणारा, पण उजवी कूस फुगून टम्म झालेली. किडनीतून लघवी खाली उतरायची वाटच अरुंद, म्हणून ती आत तुंबून किडनीची पार पखाल झाली होती. ती काढून टाकावी तर डावी किडनी नुसती नावापुरती. म्हणजे हीच वाचली तर म्हाळू वाचणार. डॉक्टरसाहेबांनी पाठीकडून किडनीत रबराची नळी घातली आणि ती हलू नये म्हणून कमरेभोवती पट्टी गुंडाळली. नळीतून लघवी खाटेखालच्या बाटलीत उतरायची. सूज ओसरली, अंगात ताकद आली, की दुसरं ऑपरेशन करून वाट मोकळी करायची असं ठरलं.

"तोवर हा तुमच्या ताब्यात," साहेब मला म्हणाले.

झालं! मग मी कुणाचं ऐकते? नळीला पीळ पडू द्यायचा नाही, त्या कुशीवर वळू द्यायचं नाही, बाटलीत किती उतरलं ते बघायचं आणि पाणी पाजत राहायचं. त्याची आई गिरजाबाई उशाशी बसून असायची. तिला ते पाणी बघवायचं नाही.

"कामून पाजून राह्यली गं एवढं पानी? आधीच पान्यानं फुगलाय त्यो."

"वरून गेलं तरच खालून वाहील, आजी. तुम्ही गप बसा."

"लेकरू माझं हाय!"

"आणि पेशंट माझा आहे!"

अशी रोजची आमची जुंपायची. पण भाकरी केली की म्हातारी त्यातली अर्धी माझ्यासाठी झाकून ठेवायची. माझाही तिच्यावर जीव जडला होता, खोटं कशाला बोलू.

बाटली नीट भरायला लागली. ताप उतरला. म्हाळू उठून बसायला लागला. तेवढ्यात साहेबांना कुंभार पिंपळगावला जावं लागलं, तिकडे पटकीची साथ होती. जाताना बजावून गेले, "मी येईपर्यंत कमरेची पट्टी कुणी सोडायची नाही. नळी निसटली तर परत घालता येणार नाही."

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. दुपारी मी आणि वैनी ज्वारी निवडत बसलो होतो. एकदम कमरेला अशी कळ आली की सूप हातातून पडलं. कुणी दोरी टाकून आवळावं तसं! लुगड्याची गाठ घट्ट झाली असेल म्हणून सैल केली. छे! उलट कळ वाढलीच. वैनीनं पदर बाजूला करून पाहिलं आणि ती मागेच सरकली.

"अगो बाई... वळ उठलाय की! कमरेभोवती. कशाचा गं?"

बारीक, लालभडक वळ, सगळ्या कमरेला वेढा घातलेला. मी म्हटलं काहीतरी चावलं असेल, आणि कळ मुतखड्याची असेल. औषध घ्यावं म्हणून टांगा केला आणि दवाखाना गाठला. भुताखेताचा विचारही मनात नव्हता.

वॉर्डात शिरले तर म्हाळू उजवी कूस दाबून तळमळत होता. अंग भाजत होतं. बाटली कोरडी! नळी तपासली, बाहेर कुठं पीळ नव्हता. मोठ्या सिस्टर हात चोळत उभ्या होत्या.

"साहेबांकडे माणूस धाडलाय. तोवर हात लावायचा न्हाई. हुकूम म्हंजे हुकूम."

"साहेब येईपर्यंत हा राहील का?"

त्या पुन्हा दाराकडे बघायला लागल्या. आणि इकडे माझी कंबर आवळतच चाललेली... त्याचीही तळमळ वाढतच चाललेली. माझ्या वळावरून मी बोट फिरवलं. वेडेपणा म्हणा, पण माझ्या मनानं घेतलं की ह्याच्या कमरेला, ह्याच जागी, काहीतरी आहे.

"कैची द्या."

"नोकरी जाईल, बाई!"

"जाऊ द्या. हा गेला तर नोकरी ठेवून काय करू?"

नळी एका हातानं घट्ट धरली आणि पट्टी सोडली. खाली काळा करगोटा! ऑपरेशनच्या वेळी जुना काढून टाकला होता. गडीमाणसाची कंबर मोकळी राहिली, अपशकुन झाला, म्हणून गिरजाबाईनं त्या दिवशी माझी सुट्टी साधून गुपचूप नवा बांधला होता. मला दिसू नये म्हणून पट्टीच्या आतून, आणि सुटू नये म्हणून करकचून. बरोबर नळीवरून. सूज वाढेल तसा तो आणखी रुतत गेला होता.

मी करगोटा कापला आणि त्याच क्षणी माझी कळ गेली. कमी झाली नाही, गेली! बाटलीत धार पडायला लागली. मी खाटेपाशीच फतकल मारून बसले आणि घळाघळा रडले.

साहेबांनी आल्यावर मला झाडझाड झाडलं, मग बाटली बघून आपल्या हातानं नवी पट्टी बांधली. पुढे दुसरं ऑपरेशन झालं आणि म्हाळू आपल्या पायांनी गावी गेला. माझ्या कळीचं सांगितलं तर साहेब हसले, "लुगड्याची गाठ, दुसरं काय!" असेल बाबा. पण वळ वैनीनं पाहिला होता, आणि तो जायला बरेच दिवस लागले.

एक सांगायचं राहिलं. त्या संध्याकाळी मी गिरजाबाईला फाडून खाल्लं. "मारलं असतंत की त्याला!"

"चुकलं गं माय... करगोट्याला गाठ मारताना देवाचं नाव घ्यावं लागतंय. खंडोबाचं घ्यावं म्हन्लं, पर तोंडात तुझंच आलं. रातध्याड तूच जपून राह्यली ना त्याला! मंग तुझ्याच नावानं आवळला."

माझा हात आपोआप कमरेवर गेला. कितीदा विचार केला, तरी ह्याचा अर्थ मला आजवर लागलेला नाही.

म्हाळू गावी निघाला त्या दिवशी मीच बाजारातून काळा गोफ आणला, म्हातारीच्या हातात दिला आणि दरडावून सांगितलं, "सैल बांधा. आणि नाव खंडोबाचंच घ्या!"