लंडनच्या वाटेवरचा घाट

जुना नकाशा उलगडला आणि डिझेलचा वास आला. पंचवीस वर्षांपूर्वी कतारमधल्या रास लफानच्या कंपनी बसमध्ये, इंजिनाच्या गरम झाकणावर मी तो पसरला होता. आमचे ड्रायव्हर बीडचे तुकारामभाऊ. त्यांनी विचारलं होतं, “साहेब, लंडनला गाडीनं जाता येतं का वो?”

मी उत्साहानं बोट फिरवलं. सौदी, जॉर्डन, सीरिया, तुर्कस्तान, मग युरोप; शेवटी समुद्राखालच्या बोगद्यातून रेल्वे आपल्याला गाडीसकट पलीकडे नेते.

“घाट कुठं लागतो?”

“तुर्कस्तानात.”

भाऊंनी आपलं बोट नकाशावरून मागे कतारपर्यंत आणलं. “आन् पासपोर्ट? त्यो तर आल्याबरोबर कंपनीनं घेतला, त्यांच्या कपाटात हाय.”

तेव्हा मी मोठ्यानं हसलो होतो. त्या वाटेवरचा पहिला घाट मला दिसलाच नव्हता.