भरतात गेलेली बावीस फळं

एम.एस्सी.ला मी भाजीपाला शास्त्र घेतलं, तेव्हा एका लांबच्या काकांनी विचारलं होतं, "म्हंजे भाजी लावायलेच शिकनार काय वं? थे तं तुया मायनंही शिकवलं असतं." काकांना टोमणे मारायची खोडच होती, पण त्या दिवशी ते बोलले ते खरं होतं. पारशिवनीजवळ आमची थोडी ओलिताची जमीन आहे आणि तिथे आई जे वांगं लावते त्याच्यासारखं वांगं मी अजून दुसरीकडे खाल्लं नाही. हिरवं, बुडाशी पांढऱ्या रेघा, एकेक फळ ओंजळभर. भाजलं की लोण्यासारखं होतं. बी तिच्या आईकडून आलेलं, दरवर्षी एक फळ झाडावर पिकवून राखेत ठेवलेलं.

त्या वांग्यात एकच खोट होती, ती म्हणजे काटे. देठाला काटे, टोपीला काटे, पानांच्या शिरांवरही काटे. तोडणीच्या दिवसांत आईच्या बोटांना इतकी भोकं पडायची, की गरम पाण्यात भाकरीचं पीठ मळताना ती "स्स" करायची. लहानपणी मला वाटायचं, भाकरी करताना सगळ्याच बाया असा आवाज काढतात.

म्हणून प्रबंधाचा विषय मी आधीच ठरवून ठेवला होता. आईचं वांगं आणि कॉलेजच्या फार्मवरचं बिनकाट्याचं जांभळं वांगं, या दोन्हींचा संकर. काटे जायला पुढच्या दोन-तीन पिढ्या लागणार हे मला ठाऊक होतं, पण सुरुवात तर करायला हवी. माझ्या गाइडना विषय आवडला. "आईचं वांगं! सेंटिमेंट आहे राव याच्यात," असं म्हणून त्यांनी सही ठोकली. सर हसतमुख होते. विद्यार्थ्यांच्या खांद्यावर हात ठेवून बोलायचे, चहा स्वतः पाजायचे. अशा माणसाविरुद्ध मनात काही आणायचं तर आधी स्वतःचीच लाज वाटते.

त्याच सरांकडे माझी रूममेटही होती. यवतमाळकडची, अभ्यासात माझ्यापेक्षा हुशार, बोलायला गोड. बादली एक, तेलाची बाटली एक, चार्जर एक, असा आमचा होस्टेलचा संसार होता. आईचं बी मी फार्मवरच्या प्लॉटात लावलं होतं. सकाळी संकर करायला मी तिथे जायचे तेव्हा थंडीत कुडकुडत तीही सोबत यायची. उद्या उमलणारी कळी आज उघडायची, चिमट्यानं आतले पिवळे पुंकेसर एकेक करून काढायचे, कळीवर कागदाची पिशवी चढवायची. दुसऱ्या दिवशी जांभळ्या वांग्याच्या फुलाचे परागकण आणून लावायचे, पुन्हा पिशवी, आणि देठाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर आई कोण, बाप कोण, तारीख. मी फुलाशी झटायचे, ती चिठ्ठ्या लिहायची. तिचं अक्षर सुरेख होतं.

साठेक फुलांमधून बावीस फळं धरली. सर म्हणाले, पहिल्याच वेळी एवढी म्हणजे हात चांगला आहे. ते वाक्य मी आईला फोनवर दोनदा सांगितलं. त्या फांद्यांवरची इतर फुलं मी खुडून टाकायचे, म्हणून माझी बावीस फळं अख्ख्या प्लॉटात उठून दिसत होती. आता ती झाडावरच पिवळी होईपर्यंत थांबायचं होतं. कोवळ्या फळातलं बी काही कामाचं नसतं.

जानेवारीत चुलत बहिणीचं लग्न निघालं. गावच्या विहारात लग्न, घरचं कार्य, चार दिवस जाणं भाग होतं. रूममेटला म्हटलं, माझ्या चिठ्ठ्यांकडे लक्ष ठेव. ती म्हणाली, "बिनधास्त जा तू. मी आहो न."

परत आले त्या संध्याकाळी तिनं स्टीलचा डबा माझ्यापुढे ठेवला. फार्मवर सरांनी पाहुण्यांसाठी भरीत पार्टी केली होती. हिवाळ्यात ही आमच्याकडची रीतच आहे. पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ करायचा, त्यात वांगी भाजायची, मिरच्या-लसूण ठेचून कांद्याची पात घालायची आणि झाडाखाली बसून भाकरीशी खायचं. "तुझ्यासाठी मुद्दाम काढून ठेवलं," ती म्हणाली. मी डबा बोटानं पुसून खाल्ला. वर तिला म्हणाले, "अगदी आईच्या हातचं लागून राहिलं. कुठून आणली वांगी?"

"आणली असतील कुठून तरी," ती म्हणाली आणि मोबाइल बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी प्लॉटवर गेले. चिठ्ठ्या मोजल्या, बावीसच्या बावीस होत्या. गाठी मात्र माझ्या नव्हत्या. मी दोन वेढे घेऊन गाठ मारते, या एकेरी होत्या. फळंही जरा बारकी वाटली. रूममेटला विचारलं तर म्हणाली, वाऱ्यानं सुटत होत्या, मी सगळ्याच पुन्हा बांधल्या. फळं थंडीनं खुंटली असतील. मी तिला मिठी मारली. विज्ञानाची विद्यार्थिनी मी, पण पुरावा डोळ्यांसमोर लटकत असताना त्याच्याकडे पाठ करून मिठी मारत होते.

फळं पिकली, पिवळी झाली. होस्टेलच्या मागच्या नळावर आम्ही दोघींनी मिळून बी धुतलं, चाळणीवर पसरलं, सावलीत वाळवलं. पाण्यावर तरंगणारं पोचट बी ती निवडून बाजूला काढत होती, आणि कामात कुठेही हयगय नव्हती. आज तिची आठवण आली की मला तिची हीच बोटं दिसतात.

जूनमध्ये नर्सरीच्या ट्रेमध्ये बी टाकलं. आईच्या वांग्याचं रोप हिरव्या खोडाचं असतं, जांभळ्याचं खोड जांभळं. संकर झाला असेल तर रोप मातीतून वर येतानाच बापाचा रंग घेऊन येतं. त्यासाठी फळाची वाट पाहावी लागत नाही. मी रोज सकाळी नर्सरीत उकिडवी बसून बघायचे. पहिल्या दिवशी सगळी हिरवी. म्हटलं, ऊन लागू दे. चौथ्या दिवशीही हिरवी. दहाव्या दिवशी दोन पानं सुटली तरी हिरवीच. शेकडो रोपं, आणि एकाच्याही खोडावर जांभळी रेघ नव्हती.

सर आले, ट्रेवर नजर टाकली आणि म्हणाले, "हात जड आहे तुझा. पुंकेसर नीट निघाले नाहीत. फुलानं आपलं आपणच करून घेतलं."

हे मला पटलं. पटण्यासारखंच होतं, कारण असं होतं. पुढचे दोन महिने मी रोज सकाळी सरावासाठी टोमॅटोच्या फुलांवर चिमटा चालवत बसले. भिंगाखाली बघायचे, एखादा पुंकेसर राहतो का. राहत नव्हता. मग वाटायचं, तेव्हा राहिला असेल. चहाचा कप धरला तरी हात थरथरतो का ते बघायचे. ज्या माणसाचा हात जड आहे त्यानं वाणांच्या पैदाशीत पडू नये, कुठेतरी बियाण्याच्या दुकानात बसावं, असं मी स्वतःला समजावत होते. रूममेट रोज धीर द्यायची. "होते वं असं. मनावर नको घेऊ. सगळ्यांचेच हात काही या कामासाठी नसतात." हे शेवटचं वाक्य तिनं बोलायला नको होतं. बाकीचं एक वेळ मी विसरेनही.

आईला सांगितलं की लागलं नाही. ती म्हणाली, "मायंच बी खराब असन काय वं? औंदा राखेत ओल धरली होती थोडी."

ऑगस्टमध्ये प्लॉटात निंदण चाललं होतं. फार्मवर वर्षानुवर्षं काम करणाऱ्या एक मावशी माझ्या शेजारच्या ओळीत होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "औंदा नाही लावलं काय थे हिरवं वांगं? लय गोड होतं. पार्टीच्या दिवशी सायबाचे पाहुणे बोटं चाटून राहिले होते."

"आमच्या प्लॉटातलं होतं का ते?"

"मंग कोनतं? तुयंच तं. मोठे मोठे पाहून तोडा म्हणे, तं तोडले. चिठ्ठ्या चुलीपाशी आल्यावर दिसल्या न वं. थे तुयी मैतरीण रडकुंडीले आली. सायेब म्हणे, काहून घाबरून राहिली, बांधून टाक दुसऱ्याइले." मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांचं खुरपं थांबलं. "तुले नाही सांगतलं काय तिनं?"

मी ओळ पूर्ण केली. खरं सांगते, राग पहिल्यांदा आलाच नाही. पहिल्यांदा आला तो आनंद. माझा हात जड नव्हता! चिखलानं भरलेला हात मी असा समोर धरून बघितला, आणि मग मात्र तो स्टीलचा डबा आठवला आणि बांधावर जाऊन मला ओकारी झाली.

रूममेट खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. मी विचारलं, तिनं नाकारलं नाही. "सरांनी सांगितलं. मी काय करायला पाहिजे होतं, सांग. त्यांच्याकडेच पुढे पीएच.डी. करायची आहे मला."

"मला सांगायचं होतं."

"सांगणार होते. त्याच दिवशी सांगणार होते. पण तू इतक्या आवडीनं खाऊन राहिली होती, मग नाही सांगवलं." असं म्हणून ती रडायला लागली. सवयीनं मी पाण्याची बाटली तिच्याकडे सरकवली, आणि मग त्याचाच मला इतका संताप आला की ती बाटली मी खिडकीतून खाली भिरकावली.

सर चिडले नाहीत, ते कधीच चिडत नाहीत. "अरे, हो गया. एवढे पाहुणे आले होते, कोण चिठ्ठ्या बघत बसते?"

"सर, तुम्ही मला म्हणालात माझा हात जड आहे."

"मग तेव्हा काय म्हणणार होतो मी?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं. "आता पुन्हा संकर करायचा तर वर्ष जाईल. दोन्ही वाणांची तुलना कर, उत्पादन लिही, कीड लिही. संकराला यश आलं नाही असं एका पानात टाक. मी बसलो आहे ना." आणि त्यांनी चहा मागवला. तो चहा मी प्यायले. नाही म्हणायला हवं होतं, पण कप हातात आला होता.

मी तुलना लिहिली. पण तोंडी परीक्षेत खरं सांगायचं हे पक्कं केलं होतं. माझ्यासाठी नाही. आईनं त्या वर्षी आपलं वांगं लावलंच नव्हतं. बी खराब आहे म्हणून बाजारातून दुसरं आणलं होतं. ती स्वतःच्या बियाण्याला नावं ठेवते आहे आणि कारण मला माहीत आहे, हे मला सहन होत नव्हतं. पण तिला सांगायच्या आधी ते कुठेतरी रीतसर, कागद समोर ठेवून, सरांच्या तोंडावर म्हटलं जायला हवं होतं.

परीक्षेच्या दिवशी आई आली. पहिल्यांदाच कॉलेज बघत होती. लग्नाला नेसली होती तीच साडी, मांडीवर पेढ्यांचा डबा. बाहेरच्या बाकावर बसली. आत बाहेरून आलेले परीक्षक, आमचे सर, विभागातली दोन-तीन माणसं, मागे रूममेट. परीक्षकांनी पानं चाळली आणि विचारलं, "साठ संकर केले, बावीस फळं धरली, आणि एकही रोप संकरित नाही? असं कसं?"

मी सांगितलं. पहिल्यापासून सगळं सांगितलं. पाहुणे, पऱ्हाट्यांचा जाळ, चुलीपाशी सापडलेल्या चिठ्ठ्या, दुसऱ्या फळांना बांधलेल्या. मीही त्यातलं खाल्लं, हेही सांगितलं.

परीक्षक हसायला लागले. वाईट हसणं नव्हतं ते, पोट धरून हसणं होतं. "म्हणजे तुझा प्रबंध तूच खाल्लास!" सगळे हसले. सर तर डोळे पुसत होते. "आणि सर," परीक्षक त्यांना म्हणाले, "आम्हाला नाही बोलावलं ते!" "पुढच्या हिवाळ्यात नक्की," सर म्हणाले. मग परीक्षक माझ्याकडे वळून मायेनं म्हणाले, प्रामाणिक आहेस, असंच राहा. आणि सही केली. मी पास झाले. मला कुणी पुढचा एकही प्रश्न विचारला नाही.

दार उघडून बाहेर आले तर आई उठून उभी होती. तिचा चेहरा फुलला होता. "आतून हासून राहिले होते सारे. चांगलं झालं म्हंजे?"

मी हो म्हटलं. बी चांगलं होतं, हे तेव्हा सांगितलं नाही.

मागून सर आले. आईनं डबा माझ्या हातात दिला, पदर सावरला आणि दोन्ही हात जोडले. "सर, मायच्या मायेनं सांभाळलं तुम्ही माया पोरीले." सर म्हणाले, "पोरगी गुणाची आहे." आई वाकलेलीच होती. तिचे हात धरून खाली करावेत असं मला इतकं वाटलं की बोटं डब्याच्या कडेत रुतली. मग मी डबा उघडला, त्यातला एक पेढा उचलला आणि सरांच्या पुढे केला.